सारिकाच्या मागावर

सारिकाने बूट आणले तेव्हाच शालनच्या मनात पाल चुकचुकली.

बूट साधेच होते. लोणावळ्याच्या बाजारातले, पांढरे, कडेला गुलाबी पट्टी असलेले. साखर काठावर आहे, रोज चालायला जा, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं सारिका म्हणाली. इथपर्यंत शालनला पटलं. पण त्याच आठवड्यात एका सकाळी ती अंगणात सडा टाकत होती आणि तिला दिसलं, की रस्त्याला लागल्यावर सारिकाने ओढणी कमरेला खोचली, एकदा मागे वळून पाहिलं आणि ती पळायला लागली. चाळिशी उलटलेली बाई, घरात कुणी हाक मारली तरी सावकाश उठणारी, ती पळत होती. शालन हातातली बादली तशीच धरून उभी राहिली. साखरेसाठी माणूस चालतं. पळतं ते कुणापासून तरी, नाहीतर कुणाकडे तरी.

शालन थोरली जाऊ आणि सारिका धाकटी. मळवली स्टेशनावरून भाजे लेण्यांच्या बाजूला निघालं, की भाताच्या खाचरांच्या कडेला त्यांचं स्लॅबचं घर. सासरे कोंडाजी, सासू अंबूबाई. शालनचा नवरा आदिनाथ तळेगावच्या कंपनीत पाळीनं कामाला जायचा. सारिकाचा नवरा हनुमंत पर्यटकांची गाडी चालवायचा, त्याचा पाय घरात कमीच. शालनची दोन्ही मुलं पुण्यात कामाला होती. सारिकाला एकच लेक, रेश्मा, पण तिचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. दीड वर्षापूर्वी ती ठाकरवाडीच्या उमेशबरोबर लग्न करून निघून गेली, त्या दिवशी कोंडाजींनी जिवंत पोरीच्या नावानं अंघोळ केली होती. ती दोघं चाकणला असतात, एवढंच पुढे कधीतरी कानावर आलं. तेव्हापासून सारिका घरात असून नसल्यासारखी वावरायची. भाकरी थापायची, भांडी घासायची, विचारलं तेवढंच बोलायची.

आणि आता तिच्या तोंडावर रंग चढायला लागला होता. पळून आली की ती न्हाणीकडे जाता जाता काहीतरी गुणगुणायची. तेल लावून वेणी घट्ट घालायची. एकदा तर शालन तिच्या हातून दुधाची पिशवी घ्यायला जवळ गेली आणि तिला सारिकाच्या ओढणीला धुराचा वास आला. चुलीच्या धुराचा. घरात तर गॅस होता.

शालनने डोकं चालवलं. रस्त्याच्या वरच्या अंगाला शहरवाल्यांचे बंगले होते. रखवालदार तिथं पाणी तापवायला चूल पेटवतात. म्हणजे कुणीतरी रखवालदार. की आणखी कुणी? दिवाळीपासून एक पांढरी गाडी त्यांच्या रस्त्याकडेच्या खाचराशी येऊन थांबत होती आणि त्यातून उतरणारा माणूस मोबाइलवर जमिनीचे फोटो काढत होता. हनुमंतचा हिस्सा त्याच खाचरात होता. सारिका त्या माणसाला तर भेटत नसेल? एक शंका मिटायच्या आत दुसरी डोकं वर काढायची.

अंबूबाईंच्याही नजरेतून ते सुटलं नव्हतं. एका दुपारी त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "शालन, ती धाकटी रोज कुटं जाती गं?"

"पळाया जाती, आत्या. डॉक्टरनी सांगितलंय म्हनं."

"पळायला सांगणारा कुटला डॉक्टर? मला न्हाई खरं वाटत. तू जरा तिच्या मागावर ऱ्हा."

सासूनं सांगितलं म्हणून, असं शालनने स्वतःला समजावलं. खरं तर तिला आधीच राहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सारिकाच्या आधी अंगणात तयार होती. "माझं बी गुडघं धरायला लागल्यात," ती म्हणाली. "मी बी येते."

सारिका बुटाची नाडी बांधत होती. तिचा हात थांबला. "तुमाला न्हाई झेपायचं, आक्का. मी लय लांब जाते."

"कुटवर?"

"जाते वर, लोहगडाच्या रस्त्याला."

झेपलं नाहीच. शालनने साडीचा काचा मारला होता आणि पायात आदिनाथचे जुने कॅनव्हासचे बूट होते. सारिका पळायला लागल्यावर तीही पळाली, आणि विजेच्या डीपीपर्यंत जाते न जाते तोच तिच्या बरगडीखाली कळ आली. तोंडाला कोरड पडली. कानात धपधप व्हायला लागलं. ती डीपीच्या कुंपणाला धरून वाकली. डोकं वर केलं तेव्हा धुक्यात सारिकाची गुलाबी पट्टी बंगल्यांच्या भिंतीकडेने लहान लहान होत गेली आणि वळणाआड गेली. वळणापलीकडे काय होतं ते शालनला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. मोरी, मग चढ, मग करवंदीची जाळी. पण सारिका तिथं काय करते, ते कळायला तिथवर पोचायला हवं होतं.

तेव्हा शालनने ठरवलं, की पोचायचंच.

रोज ती मागोमाग निघायची आणि रोज कुठंतरी अडायची. आधी डीपी. मग बंगल्यांच्या भिंतीचं पहिलं फाटक. पोटऱ्या अशा दुखायच्या, की संडासाला बसताना भिंत धरावी लागायची. आदिनाथने विचारलं, तर ती म्हणाली, "वात हाय." त्याने कपाटातून मलम काढून दिलं आणि तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "या वयात हे काय सुचलं तुला?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात काळजी होती, की आणखी काही, ते तिला कळेना. साडी सोडून ती मुलाच्या जुन्या पॅन्टवर कुर्ता घालायला लागली, तेव्हा त्याने काहीच विचारलं नाही, आणि तेच तिला जास्त बोचलं.

शनिवार-रविवारी पुण्याची माणसं बंगल्यांवर येत. त्यांतली एक पिकल्या, आखूड केसांची बाई शालनला धापा टाकताना बघून थांबली. "ताई, एवढ्या जोरात सुरुवात करू नका," ती म्हणाली. "गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं पळा. दमलात की चाला, मग परत पळा. महिन्याभरात बघा."

हिचं काय जातंय, शालनला वाटलं. फुकट सांगणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच. ही कुठल्या बंगल्यातली? हिला सारिका माहीत आहे का? पण सोमवारी तिने तसं करून पाहिलं. गप्पा मारायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून ती स्वतःशीच बोलत पळायला लागली. "रखवालदार... असंल का? न्हाई... तो म्हातारा हाय... गाडीवाला... असंल... त्येनं सही... मागितली असंल..." एकेका शंकेवर चार-सहा पावलं पडायची. शब्द तुटायला लागले, की ती चालायची. शब्द परत जुळले, की पळायची. त्या दिवशी ती भिंतीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की कळ आलीच नाही.

मग ती दुपारीही पळायला लागली, चोरून. कापणी होऊन खाचरं मोकळी झाली होती. कोंडाजी आणि अंबूबाई जेवून आडवे झाले, की ती पेंढा बघायला जाते म्हणून निघायची आणि सुकलेल्या खाचरात फेऱ्या मारायची. भाताचे खुंट पायाखाली करकरायचे. बांधावरून उडी मारून पलीकडच्या खाचरात जाताना तिला एकदा हसू आलं आणि लगेच तिने इकडे-तिकडे पाहिलं. आपल्याला हे आवडायला लागलंय की काय? तिला स्वतःचाच संशय आला. ती सारिकाला पकडायला पळत होती. त्यात हसण्यासारखं काय होतं?

गंमत अशी, की ती जसजशी पुढे सरकत होती तसतशी सारिकाही वेगाने पळायला लागली होती. शालन मोरीपर्यंत पोचली त्या दिवशी सारिका चढ संपवून दिसेनाशी झाली होती. शालन चढाच्या मध्यापर्यंत गेली, तोवर सारिका त्याही पुढे. जणू दोरी बांधली होती दोघींच्या कमरेला. पुढची ओढायची, मागची खेचली जायची. घरी दोघी एकमेकींना काही विचारत नव्हत्या. शेजारी बसून शेंगा सोलायच्या, आणि सारिका हळूच शालनच्या पायांकडे बघायची.

अंबूबाई मात्र विचारत होत्या. "लागला का काय पत्ता?"

"अजून न्हाई, आत्या."

"इतक्या दिसांत न्हाई?" त्यांनी शालनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू बी वाळायला लागलीस. का तू बी तिच्यातच सामील झालीस?"

शालनला राग आला. पण रागातही तिला वाटलं, पत्ता लागायलाच हवा, आता स्वतःसाठी तरी.

माघातली कडक थंडी पडली होती, तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी शालन चढाच्या खाली पोचली आणि तिथं थांबली नाही. पावलं बारीक केली, हात हलवत राहिली, नजर पुढच्या चार पावलांवर ठेवली. श्वास भरून आला, पण फुटला नाही. माथ्यावर आली तेव्हा सारिका समोरच होती, हाकेच्या अंतरावर. ती डांबरी रस्ता सोडून शेवटच्या बंगल्याच्या मागच्या भिंतीलगत पायवाटेवर शिरली. शालन करवंदीच्या जाळीआडून तिच्या मागे गेली.

पायवाट ठाकरवाडीत जात होती. पहिलंच घर, कुडाचं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. ओट्यावर चूल पेटलेली होती. सारिका अंगणात शिरली आणि घरातून एक तरुण बाई बाहेर आली. एक हात कमरेवर, दुसरा पोटाखाली. पोट चांगलं मोठं होतं. ती सारिकाला म्हणाली, "आज लवकर आलीस गं." सारिका खाली बसली आणि तिने त्या पोटाला कान लावला.

रेश्मा होती ती.

शालनला श्वास आवरेना. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास आता मोठ्यानं बाहेर पडत होता. अंगणातलं कुत्रं जाळीकडे तोंड करून भुंकायला लागलं. रेश्माने मान वळवली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मोठी आई आलीय."

लहानपणापासून ती शालनला मोठी आईच म्हणायची. पण आज त्या शब्दांत माया नव्हती. ती मागे सरकली आणि दाराच्या चौकटीला टेकली. घरामागून उमेश आला. लाकडं फोडत होता, कोयता हातातच होता. त्याने शालनकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या पायवाटेकडे.

"अजून कोन कोन हाय मागं?" त्याने विचारलं. "कुनाला घिऊन आलाय?"

"कुनी न्हाई," शालन कशीबशी म्हणाली. "मी एकलीच."

"एकल्या कशाला येताल?"

तो कोयता खाली ठेवत नव्हता. सारिका उठून लेकीच्या आणि शालनच्या मधे उभी राहिली. तिचा चेहरा शालनने असा कधी पाहिला नव्हता. "आत्यांनी लावलं ना तुमाला माझ्या मागं?" ती म्हणाली. "मला ठावं व्हतं. मी रोज वळणावरनं बगायची, तुमी कुटवर आलाय. तुमी डीपीशी थांबायच्या तवा मी निवांत यायची. तुमी मोरीपतोर आलात आन् माझी झोप उडाली. मंग मी जोरात पळाया लागले."

"कधीपास्नं चाललंय ह्ये?"

"चाकनचं काम सुटलं त्येचं. दिवाळीला हितं आली दोघं. पोरीला सातवा लागलाय, आक्का. मला घरातनं तासभर मिळतो. चालत आले तर यायला-जायलाच जातो. पळत आले तर जरा बसाया मिळतं तिच्यापाशी." तिने पायवाटेकडे हात केला. "जा आता. सांगा आत्यांना. मामांना बी सांगा. करू द्या अजून एक अंघोळ."

चुलीतलं लाकूड तडतडलं. शालनने इतक्या दिवसांत किती तरी गोष्टी मनात रचल्या होत्या, रखवालदार, गाडीवाला, सह्या. ही एकच तिने रचली नव्हती. रेश्माचे केस तिने स्वतः विंचरले होते, शाळेला जाताना रोज. ती दारात उभी होती आणि शालनकडे चोर आल्यासारखी बघत होती.

तेवढ्यात घरातून उमेशची आई, सावित्राबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने तो शालनच्या पुढे धरला. ती बघत राहिली. उमेशही बघत होता, रेश्माही, सारिकाही. शालनच्या घरातलं कुणी या वाडीत आजवर पाण्याला शिवलं नव्हतं. अंबूबाईंनी तर वाडीवरून आलेली करवंदंसुद्धा धुऊन, वर गोमूत्र शिंपडून घेतली असती. तांब्या घेईल का बाई, आणि घेतला तर ओठाला लावेल का, की नुसता हातात धरून ठेवेल, हे सगळ्यांच्या डोळ्यांत होतं.

शालनला यातलं काहीच सुचलं नाही. तिची जीभ टाळूला चिकटली होती. समोर पाणी दिसलं, तिने तांब्या घेतला, डोकं मागे टाकलं आणि घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून कुर्त्यावर सांडलं. तांब्या रिकामा झाला तशी ती म्हणाली, "अजून हाय का?"

सावित्राबाई हसली. आत जाऊन तांब्या भरून आणला. उमेशने कोयता ओट्याला टेकवला, पण तो तिथंच उभा राहिला.

दुसरा तांब्या संपल्यावर शालनने तोंड पुसलं. "सातवा म्हंजी पाय सुजत असतील," ती रेश्माला म्हणाली.

रेश्माने आईकडे पाहिलं आणि उत्तरही आईलाच दिलं. "सुजत्यात, म्हनावं."

दोघी उतरायला लागल्या. वळणाशी सारिका थांबली. "पाणी कशाला प्यालात? मला दाखवाया?"

"तहान लागली व्हती."

"खरं सांगा."

"आगं, खरंच तहान लागली व्हती," शालन म्हणाली. आणि तेच खरं होतं. त्यावर सारिकाचा विश्वास बसला नाही, हे तिच्या चालण्यातच दिसत होतं.

त्या दिवशी अंबूबाईंनी काठी टेकत येऊन दारातच गाठलं. "लागला पत्ता?"

सारिका न्हाणीच्या दाराशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिच्या हातातला तांब्या थांबला.

"पत्ता कसला, आत्या," शालन म्हणाली. "वरपतोर पळती आन् माघारी येती. दुसरं काय न्हाई."

अंबूबाईंनी डोळे बारीक केले. "आन् तू?"

"मी बी तेवढंच करते."

पुढे दोघी एकत्र निघायला लागल्या. पण एकत्र म्हणजे सारिका पुढे आणि शालन चार पावलं मागे. वाडीवर गेलं, की सारिका लेकीच्या आणि तिच्या मधे बसायची. शालनने रेश्मासाठी डिंकाचे लाडू नेले, तर सारिकाने त्यातला एक आधी स्वतः मोडून खाल्ला. शालनला ते लागलं. पण तिनेही इतके दिवस सारिकाच्या ओढणीचा वास घेतला होता.

मग एके दिवशी अंगणातल्या पायरीवर सारिकाचा पाय मुरगळला. घोटा सुजून गोळा झाला. बाजेवर पडल्या पडल्या ती सकाळी दाराकडे बघत होती. शालनने बूट घातले, नाडी बांधली. सारिका जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. शालन फाटकाबाहेर पडली तेव्हा पाठीवर तिची नजर जाणवत होती.

शालन पळाली. डीपी कधी गेला कळलं नाही, बंगल्यांची भिंत गेली, मोरी गेली. चढाला आज पुढे कुणी नव्हतं, गुलाबी पट्टी नव्हती, मागावर राहावं असं काही नव्हतं. तरी पाय थांबले नाहीत. स्वतःशी बोलायची जुनी खोड होती म्हणून तिने तोंड उघडलं, पण बोलायला एकही शंका सापडेना, तेव्हा ती नुसतीच श्वास मोजल्यासारखी हूं हूं करत माथ्यावर आली.

रेश्मा अंगणात होती. शालनला एकटी बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "आई कुटंय? काय केलं तिला? घरात कळलं का?"

शालनला बोलता येईना. तिने हात हलवून नाही नाही केलं. मग आपला घोटा दाखवला, हाताने पिळून दाखवला. रेश्मा क्षणभर बघत राहिली, आणि मग तिला कळलं. तिने ओट्यावरची गोधडी ओढून पसरली. "बसा आधी," ती म्हणाली. "केवढ्या घामाघूम झालायसा, मोठी आई." तिने स्वतःच्या पदराने शालनचं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "गुरवारी दवाखान्यात जायचंय, कामशेतला. सासूबाई हायेत संगं. पर तुमी याल का?"

"बगते," शालन म्हणाली. "काय सांगून निगायचं ते बगते."

घरी आल्यावर ती हात धुऊन भाकऱ्यांना बसली. सारिका स्वयंपाकघरात पाटावर पाय लांब करून बसली होती, लसूण सोलत.

"आज चढ न थांबता गेले," शालन तव्याकडे बघत म्हणाली.

"खोटं."

"इचार की."

"कुनाला इचारू?"

"पाय बरा झाला की जाऊन इचार. म्हनली, गुरवारी कामशेतला—"

"कुनाला इचारायचंय गं?" दाराबाहेरून अंबूबाईंचा आवाज आला.

सारिकाच्या हातातली पाकळी तशीच राहिली. शालनने तव्यावरची भाकरी उलटली. "डॉक्टरला, आत्या," ती म्हणाली. "गुरवारी हिला पाय दाखवाया कामशेतला नेते."

अंबूबाईंची काठी वाजली नाही, पावलंही वाजली नाहीत. त्या तिथंच दाराबाहेर उभ्या होत्या. सारिकाने पहिल्यांदाच मान वर करून शालनकडे सरळ पाहिलं, आणि दोघी जावा श्वास रोखून त्या काठीच्या आवाजाची वाट बघत बसल्या.